मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमेवर नॅनो-औषध: ते केव्हा, कसे आणि कशाच्या जोडीने वापरावे

मधुमेही माणसाच्या पायाची जखम चिघळली की आता तालुक्याच्या औषध दुकानातही नॅनो सिल्व्हरचे जेल किंवा चांदीचा थर दिलेली पट्टी सुचवली जाते, आणि नागपूर, वर्धा, अमरावती किंवा अकोल्याच्या रुग्णालयातून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवरही तिचे नाव अनेकदा लिहिलेले असते. प्रत्यक्ष पट्टी बदलण्याचे काम मात्र घरच्या सुनेवर, मुलावर किंवा गावच्या आशाताईवर येऊन पडते, आणि त्यांना ती कशी वापरावी हे सविस्तर समजावून सांगण्याइतका वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाजवळही नसतो. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे मी माझे कर्तव्य समजतो: नॅनो-औषध हे मधुमेही जखमेच्या उपचारातले पूरक साधन आहे, आणि त्याच्या आधी करायच्या गोष्टी झालेल्या नसतील तर त्या महागड्या पट्टीवरचा खर्च बहुतांशी वाया जातो, त्याहून वाईट म्हणजे पाय वाचवण्याचे दिवस हातचे जातात.

हे औषध काम कसे करते

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण औषध म्हणून किंवा औषधाचे वाहक म्हणून वापरले की त्याला नॅनो-औषध म्हणतात. कण जितका बारीक, तितकी तेवढ्याच वजनाच्या पदार्थाची बाहेरची बाजू अधिक उघडी राहते, आणि म्हणून नॅनो आकाराच्या चांदीतून ओलाव्याच्या संपर्कात चांदीचे विद्युतभारित कण हळूहळू पण सातत्याने सुटत राहतात. हे कण जिवाणूंच्या आवरणाला इजा करतात, त्यांच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त भागांना चिकटतात आणि त्यांची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बंद पाडतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात होत असल्याने जिवाणूंना त्याविरुद्ध प्रतिकार उभा करणे प्रतिजैविकांच्या मानाने कठीण जाते. भारतातल्या मधुमेही पायाच्या जखमांत स्टॅफिलोकोकससोबतच स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे, अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वारंवार आढळतात, म्हणून या औषधाविषयी डॉक्टरांना वाटणारी आस्था समजण्यासारखी आहे.

परंतु या चांदीची पोहोच जखमेच्या पृष्ठभागापुरतीच असते. तळपायाच्या आत पसरलेला पू, स्नायूंच्या आवरणातून घोट्याकडे सरकणारा संसर्ग आणि कुजू लागलेले हाड यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. जिवाणू जखमेवर जो चिकट थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात, तोही आधी खरवडून काढला तरच चांदीचा नीट उपयोग होतो. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर, केवळ जखम भरून यावी म्हणून किंवा संसर्ग बरा व्हावा म्हणून चांदीयुक्त पट्ट्या नेमाने वापरू नयेत, असेच सुचवले आहे, कारण त्यांचा निश्चित फायदा दाखवणारा पुरावा पुरेसा भक्कम नाही. तरीही पृष्ठभागावर जिवाणूंचा भार जास्त असलेल्या जखमेत अनुभवी डॉक्टर थोड्या मुदतीसाठी त्या वापरतात, आणि मला तो वापर मर्यादेत राहिला तर गैर वाटत नाही. मर्यादा कोणती, ते पुढे येईल.

नॅनो-औषध म्हणजे फक्त चांदी असा समज मात्र नसावा. २०२१ साली कोरोनानंतर मधुमेहींना काळ्या बुरशीने गाठले तेव्हा ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिन बी इंजेक्शनासाठी नातेवाईक वणवण फिरत होते, ते खरेखुरे नॅनो-औषधच होय: स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेले बुरशीनाशक, ज्यामुळे मूत्रपिंडाला होणारी इजा कमी होते. त्याच वर्षी वर्ध्यातल्या एका कंपनीने त्याच औषधाचे इमल्शन स्वरूपातले इंजेक्शन बनवायला घेतले होते, हे विदर्भातल्या वाचकांना आठवत असेल.

पट्टीच्या आधी

पहिला प्रश्न रक्तपुरवठ्याचा. पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी डॉक्टरांनी हाताने तपासली का, हे विचारावे. नाडी लागत नसेल तर डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी हवी. मधुमेहींच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती चुना साचून कडक होतात, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब खोटा चांगला दिसू शकतो आणि अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब अधिक विश्वासार्ह ठरतो. अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा किंवा घोट्याचा ५० पेक्षा कमी असेल, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे तातडीने जावे लागते. रक्तच पोहोचत नसलेल्या पायावर कोणतेही लेपन जखम भरून आणू शकत नाही.

दुसरा प्रश्न असा की जखमेतले मेलेले मांस आणि कडेचे घट्टे कापून काढले आहेत का, आणि जखमेत निर्जंतुक सळई घालून ती हाडाला टेकते का हे पाहिले आहे का. सळई हाडाला टेकली तर हाडाच्या संसर्गाची दाट शंका घ्यावी लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे निर्दोष दिसला तरी ती शंका मिटत नाही. तपासणीसाठी नमुना द्यायचा तर तो जखम स्वच्छ केल्यानंतर खोलातल्या मांसाचा द्यावा. वरवर पुसलेल्या कापसाच्या बोळ्यात भलतेच जिवाणू सापडतात आणि मग भलतीच प्रतिजैविके सुरू होतात. संसर्गाची लक्षणे असतील तर पोटातून किंवा शिरेतून दिलेली प्रतिजैविकेच खरा उपचार आहेत: मऊ भागाच्या संसर्गाला बहुधा एक ते दोन आठवडे, आणि हाडाचा संसर्ग हाड न काढता बरा करायचा असेल तर साधारण सहा आठवडे. नॅनो पट्टी लावली म्हणून गोळ्या मध्येच बंद करणे ही मोठी चूक होय.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे जखमेवरचा भार काढणे. मधुमेहात पायाच्या नसा मरतात, दुखणे कळत नाही, आणि ज्या पायाला दुखत नाही त्या पायावर माणूस चालतच राहतो. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात दिवसभर उभे राहणारी, पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या फणकटांतून पातळ चपलेने चालणारी, किंवा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत तासन् तास पाण्यात पाय ठेवणारी व्यक्ती रोज कितीही उत्तम पट्टी बांधत असली, तरी तिच्या प्रत्येक पावलागणिक जखमेतले नवे मांस चिरडले जाते. यावर सर्वोत्तम उपाय म्हणजे गुडघ्याखालपासून पायाला बसणारे, काढता न येणारे विशेष प्लास्टर. मात्र तीव्र संसर्ग असताना किंवा रक्तपुरवठा फारच कमी असताना ते बांधत नाहीत. बधिर पायाच्या जखमेला प्लास्टरने विश्रांती देण्याची ही पद्धत कुष्ठरुग्णांच्या उपचारातून मधुमेहाकडे आली आहे, आणि डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांसोबत केलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे. ज्या विदर्भात १९४९ पासून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे आहे, तिथे बधिर पायाची काळजी ही नवी विद्या नाही. कुष्ठरोग संस्थांमध्ये वापरली जाणारी मऊ एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या, रबराच्या तळव्याची चप्पल मधुमेहीलाही तितकीच उपयोगी पडते, पण ती जखम भरल्यानंतर पुन्हा होऊ नये म्हणून; उघड्या जखमेवर चालण्याचा परवाना म्हणून नव्हे.

प्लास्टर करणारे कोणी जवळ नसेल तर जखमेच्या जागी खाच ठेवून बाजूला चिकटवलेला जाड फेल्टचा थर, कुबड्या किंवा चाकाची खुर्ची, आणि घरच्यांनी केलेली कामाची वाटणी यांवर भागवावे लागते. हंगामात हे सांगणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही कर्त्या माणसाने पाय गमावला तर पुढचे सगळेच हंगाम बुडतात, हा हिशोब घरात बसून एकदा मोकळेपणाने मांडावा.

चौथी गोष्ट साखर. संसर्गाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात, म्हणून या काळात गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुरू करावे लागले तर घाबरू नये. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वीजही टिकत नाही, तेव्हा इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. चांदीचे जेल आणि पट्ट्याही टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नयेत. वेष्टनावर लिहिलेले तापमान पाहून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात.

पट्टी कशी लावावी

काम सुरू करण्यापूर्वी साबणाने हात धुऊन पुसावेत आणि स्वच्छ हातमोजे घालावेत. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नये, ओली करून सोडवावी. जखम निर्जंतुक सलाईनने धुवावी. सलाईन नसेल तर झाकून उकळलेले आणि झाकूनच थंड केलेले पाणी चालते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उकळल्याशिवाय जखमेला लावू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडिनचे द्रावण किंवा डेटॉल रोज ओतल्याने नव्याने येणाऱ्या पेशीही मरतात. हळद, चुना, तंबाखू, राख, रॉकेल किंवा झाडपाल्याचा लगदा यांपैकी काहीही जखमेत भरू नये. आजीने प्रेमाने लावले तरी ते काढून टाकावे लागते, आणि तिला कारण आदराने समजावून सांगावे.

यानंतरच्या एका तपशिलात फार लोक चुकतात. नॅनो स्फटिकी चांदीची कोरडी पट्टी वापरण्यापूर्वी ओली करावी लागते, पण ती सलाईनने करू नये. सलाईनमध्ये मीठ असते, मिठातल्या क्लोराइडशी चांदीचा संयोग होऊन न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि औषधाची ताकद घटते. त्यासाठी इंजेक्शनसाठी मिळणारे निर्जंतुक पाणी वापरावे आणि पट्टी ओली करून जास्तीचे पाणी निथळू द्यावे. सलाईनने जखम धुतली असेल तर ती निर्जंतुक गॉजने हलकेच टिपून घ्यावी. पट्टीची कोणती बाजू जखमेकडे ठेवायची ते वेष्टनावर लिहिलेले असते. पट्टी जखमेच्या मापाने कापावी आणि खोलगट जखमेत ती ठासून न भरता सैलसर ठेवावी, म्हणजे तळाला टेकेल पण रक्तप्रवाह दाबणार नाही. वर स्राव शोषणारे जाड गॉज ठेवून गुंडाळी बांधावी. बोटांची टोके मात्र उघडी ठेवावीत, म्हणजे रंग बदलला तर लगेच दिसेल.

जेल असेल तर पातळ थर द्यावा आणि नळीचे तोंड जखमेला टेकवू नये. एका रुग्णाची नळी दुसऱ्याला वापरणे हे जिवाणू एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यासारखे आहे. व्हॅसलीनसारख्या तेलकट मलमाचा थर चांदीच्या पट्टीखाली देऊ नये, कारण त्याने चांदी जखमेपर्यंत पोहोचत नाही. मेलेले मांस विरघळवण्यासाठी कोलाजिनेज हे मलम दिले असेल तर चांदीने ते निष्प्रभ होते, म्हणून दोन्ही एकत्र लिहून आले असतील तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पट्टी किती दिवसांनी बदलायची हे उत्पादनागणिक वेगळे असते. काही तीन दिवसांसाठी, काही सात दिवसांसाठी बनवलेल्या असतात. परंतु पट्टी वरपर्यंत भिजली, घसरली किंवा दुर्गंधी आली तर मुदतीची वाट न पाहता बदलावी. भोवतालची त्वचा करडी-काळसर दिसली तर तो बहुधा चांदीचा डाग असतो आणि धुतल्यावर फिकट होतो. मात्र बोट थंड पडून काळे होत असेल तर तो डाग समजून स्वस्थ बसू नये. चांदीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ही पट्टी वापरू नये, आणि एमआरआय काढण्यापूर्वी ती काढायची असते हे तंत्रज्ञाला आठवणीने सांगावे.

किती दिवस, आणि केव्हा थांबावे

दोन आठवडे. चांदीच्या पट्टीविषयी तज्ज्ञांनी सुचवलेली ही चाचणीची मुदत आहे. दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडून जखम पुन्हा तपासून घ्यावी. संसर्गाची लक्षणे ओसरली असतील तर साध्या, ओलावा राखणाऱ्या पट्टीवर यावे, कारण चांदी जिवाणूंप्रमाणेच नव्या त्वचेच्या पेशींनाही काही प्रमाणात मारक असते. काहीच फरक नसेल तर तीच पट्टी महिनोन् महिने चालू ठेवण्यापेक्षा रोगनिदानच पुन्हा तपासावे: रक्तपुरवठा, हाड, भार, साखर. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्याने कमी झाला नाही, तर उपचारात कुठेतरी उणीव आहे असे धरून मोठ्या रुग्णालयात जावे.

हे ठरवायला नोंद लागते. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर त्याच अंतरावरून फोटो काढावा आणि तारीख लिहावी. भोवतालच्या लालीची कड पेनाने आखून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती रेषेबाहेर गेली की नाही हे घरातले कोणीही सांगू शकते.

नव्या उपचारांचे दावे कसे तपासावेत

जखमेतली साखर वापरून जिवाणूनाशक पेरॉक्साइड तयार करणारे कण, प्रकाश टाकताच तापून बायोफिल्म तोडणारे कण, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनचे नॅनो-तंतूंचे जाळे, हळदीतल्या कर्क्युमिनच्या किंवा झिंक ऑक्साइडच्या नॅनो-कणांची मलमे असे कितीतरी प्रयोग जगभर चालू आहेत आणि त्यांतून उद्या काही चांगले निघेल अशी मला मनापासून आशा आहे. आज मात्र त्यांपैकी बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगांच्या टप्प्यावर आहेत. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून बंद होते, माणसाची नव्या मांसाने आणि त्वचेने भरते. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराच्या जखमेवर सत्तर किलोचा भार पडत नसतो. म्हणून 'संशोधनाने सिद्ध' असे कोणी म्हटले की, हे संशोधन माणसांवर झाले का आणि मधुमेही पायावर झाले का, हे दोन प्रश्न विचारावेत. हळदीच्या नॅनो-कणांवर प्रयोग चालू आहेत म्हणून डब्यातली हळद जखमेत भरणे योग्य ठरत नाही. भस्मे आणि तेले 'नॅनो' या नावाखाली आठवडी बाजारात विकली जातात, तीही घेऊ नयेत.

भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. अधिकृत उत्पादनाला परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असते, आणि दुकानदाराने पक्के बिल देणे बंधनकारक आहे. वैद्यकीय महाविद्यालयात नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले गेले तर घाबरून नकार देण्याचे कारण नाही, पण चाचणी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का, संमतीपत्र मराठीत मिळते का, चाचणीचे औषध मोफत आहे का आणि इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हे वाचून-विचारून मगच सही करावी. चाचणीच्या औषधाचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

केव्हा थांबायचे नाही

लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली, पायावर सूज चढू लागली, बोट काळे पडले, कुजका वास आला, कातडीखाली दाबल्यावर करकर लागली, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, थंडी वाजली, उलट्या झाल्या किंवा माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघावे. मधुमेहात गंभीर संसर्ग असूनही ताप येत नाही असे पुष्कळदा घडते, म्हणून ताप नाही एवढ्यावर निश्चिंत राहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली इंजेक्शने घेता येतील, पण पू बाहेर काढण्याची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचणे गरजेचे असते: जिल्हा रुग्णालय, यवतमाळ, अकोला किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे मेडिकल किंवा मेयो, यांपैकी जे सर्वांत लवकर गाठता येईल ते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे.

निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड, साखरेच्या नोंदींची वही, चालू गोळ्यांची पाकिटे, आठवड्यांचे फोटो असलेला मोबाइल आणि वापरलेल्या नॅनो पट्टीचे किंवा जेलचे वेष्टन सोबत घ्यावे, आणि शेवटची पट्टी कोणत्या तारखेला, किती वाजता बदलली हे त्या वेष्टनावरच लिहून ठेवावे.